माझे उत्तरेचे लोक कुठनं आले

एका मूर्खपणाची कबुली आधी देऊन टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा राहील. वयाच्या बाविसाव्या वर्षी मी एक अख्खी जमात जन्माला घातली, तिच्या तोंडात परक्याची जीभ बसवली आणि वर ते सगळं माझ्या आईला पुढ्यात बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं.

जमात अर्थातच कल्पनेतली. पार उत्तरेला, जिथे बारा महिने बर्फ असतो तिथे राहणारी. उंच, शूर, न्यायी आणि मितभाषी. मितभाषी हा शब्द मी तेव्हा नुकताच शिकले होते, त्यामुळे तो त्या गोष्टीत नऊ वेळा आलाय. मितभाषी असूनही ही माणसं पानपानभर बोलायची. त्यांची राणी आल्यागेल्याला म्हणायची, "हे पथिका, कोठून तुझे आगमन झाले? या हिमभूमीत तुझे स्वागत असो." आणि त्यांना लुटायला दक्षिणेच्या दलदलीतून जे चोर यायचे ते म्हणायचे, "कुटं चाललाय बे? थांब की. पोत्यात काय हाय ते दाव."

आमच्या घरात कोण कसं बोलत होतं हे वाचकांनी आत्तापर्यंत ओळखलं असेल. मी ओळखलं नव्हतं.

माझं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कर्नाटकाची हद्द चालत गाठता येईल अशा गावात. आम्ही आईला अव्वा म्हणायचो, थोरल्या बहिणीला अक्का. अव्वाचं वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि कुठे कानडीत शिरायचं ते तिलाही सांगता आलं नसतं. घरात शिकलेली मी पहिलीच. मास्तरीण व्हायचं शिक्षण घेतलं, लग्न होऊन सोलापुरात आले, शाळेत लागले. त्या शिकण्यात माझं 'हाय' आणि 'न्हाय' निघून गेलं. नव्या चादरीची पहिली धुलाई होते ना, तसं झालं माझं. रंग उतरला आणि मला वाटलं, चादर स्वच्छ झाली.

आता ही थोर माणसं उत्तरेचीच का, तर त्यालाही कारण आहे. आमच्या गावातून बघितलं की जे काही चांगलं ते त्या अंगाला. एसटीनं त्या अंगाला गेलं की सोलापूर, रेल्वेनं आणखी त्याच अंगाला गेलं की पुणं. नकाशात बघितलं तर ती काही सरळ उत्तर नाही, पण बाविसाव्या वर्षी नकाशा कोण बघतो? पुण्याच्याही पलीकडे, जिथे भाषा आणखी शुद्ध असणार, तिथे मी माझे लोक नेऊन ठेवले.

बर्फ मी पाहिला होता तो कारखान्यातून हातगाडीवर येणाऱ्या लाद्यांचा. लादीवर लाकडाचा भुसा आणि भुशावर ओलं पोतं. सोलापूरच्या उन्हात बर्फ टिकवायचा तर एवढं करावंच लागतं, तेव्हा माझे उत्तरेचे लोकही रोज संध्याकाळी बाहेर पडायचे आणि आपल्या हिमशिखरांवर भुसा पसरून वर पोती झाकायचे. सकाळपर्यंत डोंगर वितळायला नकोत. ज्या मासिकात ती गोष्ट आली त्याच्या संपादकांनी हे जसंच्या तसं छापलं. तेही सोलापूरचेच होते. शंका आली ती एका वाचकाला. सांगोल्याहून पोस्टकार्ड आलं: आपण पहिल्या पानावर लिहिले आहे की त्या प्रदेशात एकही झाड नाही, तरी भुसा कोठून आणला ते कळवावे. मी कळवलं नाही. खेडवळ माणसाला साहित्यातलं काय कळणार, असं म्हणून कार्ड चुलीत घातलं.

तर अव्वा. ती मला भेटायला आली होती, येताना कडक भाकऱ्यांची चवड आणि शेंगांचं गाठोडं घेऊन. दुपारी पाय पसरून शेंगा फोडत बसली होती. मी मासिक उघडलं आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. राणीला एक आवाज लावला, चोरांना दुसरा. राणीच्या आवाजानं घसा दुखला. चोरांच्या आवाजाला काही कष्ट पडले नाहीत.

"कशी वाटली?" मी विचारलं.

"चांगली हाय की," अव्वा म्हणाली. "त्या थोर मानसांचं बोलनं मला काय कळलं न्हाय. चोर काय म्हनत्यात तेवढं कळलं."

इथे शहाण्या मुलीची जीभ टाळ्याला चिकटली असती. मी तिला समजावून सांगितलं. "अव्वा, चांगली माणसं तशीच बोलतात गं."

अव्वानं हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले, टरफल बाजूला सारलं. "व्हय का," म्हणाली.

पुढच्या खेपेला ती आली तेव्हा माझ्या सासूबाईंशी बोलताना 'हो' म्हणाली. जिथे तिथे 'हो' आणि 'नाही'. प्रत्येक वाक्याआधी थांबायची, अनोळखी जिना उतरताना माणूस भिंत चाचपतं तशी. कानडी तर तिनं आमच्या उंबऱ्याबाहेरच ठेवली. बोलणं कमी होत गेलं, आणि मला त्याचं बरं वाटलं. हे लिहायला जड जातंय, पण इतकी वर्षं लपवलं ते पुरे. मी नवऱ्याला म्हणाले होते, "अव्वा किती सुधारली बघा."

गोष्टीचे आणखी तीन भाग आले आणि मासिक बंद पडलं. त्यात माझा हात असावा. मग मुलं, शाळा, वह्या, पाणी यायच्या वेळा, सासूबाईंचं दुखणं, त्यांच्यानंतर नवऱ्याचं. अव्वा गेली. माझी जमात पोत्यांखाली झाकलेली राहिली.

तिला उकरून काढलं नातीनं. ती इंजिनिअरिंगला आहे आणि उशीएवढी जाड इंग्रजी पुस्तकं वाचते. त्यांत राजे असतात, तलवारी असतात, आणि उत्तरेला राहणारे दांडगे लोक असतातच. पुस्तकाच्या शेवटी त्या लोकांची वंशावळ, त्यांच्या भाषेतले शब्द, ते कोणत्या समुद्रावरून कधी आले त्याचा नकाशा. कपाटात कसलं तरी सर्टिफिकेट शोधताना तिला ते मासिक सापडलं. भुशाच्या पानावर ती इतकी हसली की सूनबाई पाणी घेऊन धावल्या. हसून झाल्यावर मात्र पोरगी माझ्यासमोर मांडी घालून बसली.

"आजी, हे लोक आले कुठून?"

"उत्तरेतून."

"ते कळलं. उत्तरेत कुठून आले? जमिनीतून उगवले का? आणि ते असं पोथीसारखं का बोलतात? त्यांना कोणी शिकवलं?"

"शाळेत शिकले असतील."

"कुठली शाळा? तूच लिहिलंयस, गुहेत राहतात."

तीस वर्षं मी पोरांना प्रश्न विचारले, आणि माझ्याच पोराच्या पोरीनं मला बाकावर उभं केलं. तीन दिवस माझ्या भाजीत मीठ नव्हतं. चौथ्या दिवशी, तवा तापत असताना, मला मेंढरं आठवली.

माझ्या लहानपणी, रानं मोकळी झाली की सांगोल्याकडून मेंढरं यायची. तिकडे पाणी संपलेलं असायचं. मेंढपाळ कळप घेऊन चालत निघायचे आणि वाटेत ज्याच्या त्याच्या रानात मेंढरं बसवायचे. शहरातल्या वाचकांसाठी सांगते: कळप रात्रभर शेतात बसला की लेंड्यामुताचं खत जमिनीला मिळतं, आणि त्या बदल्यात शेतकरी मेंढपाळाला ज्वारी देतो. आमच्या बांधावर हा व्यवहार अव्वा करायची. "माझ्या पट्टीत दोन राती बसवा." मेंढपाळाची बायको म्हणायची, "पट्टी लांब हाय, तीन राती लागत्याल की." दोघी अर्ध्या मराठीत, अर्ध्या कानडीत तासभर झुंजायच्या आणि मग एकाच तांब्यातलं पाणी प्यायच्या. कळप निघून जायचा. पुढच्या वर्षी ज्वारी वर आली की लांबूनही ओळखू यायचं. सगळ्या हिरव्यात एक काळपट हिरवा चौकोन. तिथे कोणीतरी बसून गेलेलं असायचं.

मला माझे उत्तरेचे लोक मिळाले. ते उंच नव्हते की गोरे नव्हते. ते दुष्काळातून निघालेले होते. मेंढरं घेऊन चालत सुटलेले, दुसऱ्याच्या रानात बसत, दुसऱ्याचं पीक वाढवत, पुढे पुढे सरकत. ते ज्या गावातून गेले ती गावं पिकली, गबर झाली आणि त्यांना विसरली. चालता चालता एक दिवस रानंच संपली आणि बर्फ लागला. त्यांनी बर्फ कधी पाहिला नव्हता, तेव्हा त्यांनी त्याला पीठ म्हटलं. वर कोणीतरी दळत बसलंय आणि खाली पीठ सांडतंय.

नात म्हणाली, "अशा लोकांकडे बर्फाला खूप शब्द असतात, आजी."

"माझ्या लोकांकडे एकच आहे, तोही जात्याकडून उसना आणलेला. कोरड्या विहिरीला मात्र अकरा आहेत."

"अकरा?"

"ज्या विहिरीत पोहरा आपटतो ती एक. ज्यात आपटत नाही पण भरतही नाही ती दुसरी. सकाळी घागरभर देऊन दिवसभर रुसते ती तिसरी. आणखी हव्यात?"

तिला हव्या होत्या. तिनं वही काढली.

त्यांच्या घोंगड्यांचंही मी तिला सांगितलं. आमच्याकडे घोंगडं विणलं की त्याला चिंचोक्याची खळ देतात, मग ते ताठ होतं आणि वारा आत येत नाही. बर्फात चिंचेचं झाड कुठलं? म्हणून उत्तरेच्या प्रत्येक म्हातारीच्या कमरेला चिंचोक्यांची पिशवी असते, आजीकडून नातीकडे आलेली. दरवर्षी थोडे चिंचोके उकळायचे, थोडे राखायचे, आणि संपत आले की खालच्या मैदानातून लोकरीच्या बदल्यात आणायचे. आपण कुठून आलो हे ज्याला विसरायचं असेल त्यानं ती पिशवी फेकावी, असा त्यांचा कायदा. तीनशे वर्षांत कोणी फेकली नाही.

मग त्यांच्या बर्फाळ खोऱ्यालाही मालक निघतो. खालच्या मैदानाचा राजा विचारतो, तुम्हाला इथे राहायचा अधिकार काय? माझी राणी, जी आता मेंढरं राखते आणि जिच्या टाचांना भेगा आहेत, ती त्याला सांगते, "तुज्या बापजाद्याच्या रानात आमची मेंढरं बसली व्हती. तुजं जे पिकलंय ते आमच्यामुळं पिकलंय. आता सरक की."

ही भाषा मी शोधली नाही. सांगोल्याहून चालत निघालेला माणूस, अक्कलकोटच्या बांधावर माझ्या आईशी घासाघीस करून पुढे गेलेला माणूस, तो 'हे पथिका' कसा म्हणेल? त्यांच्या घोंगड्यांचा वास जसा त्यांच्याबरोबर आला तशी त्यांची बोली आली. मी फक्त मध्ये पडायचं सोडलं. दोन वर्षं लिहीत होते. मे महिन्यात फरशीवर ओलं फडकं टाकून त्यावर पाय ठेवून मी हिमवादळं लिहिली आहेत, आणि त्यांत भुशाचा एक कण नाही.

नातीनं सगळं टाइप करून पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवलं. महिन्याभरानं तिथल्या संपादकांचा फोन आला.

"मॅडम, कथा उत्तम आहे. मेंढ्या बसवण्याची कल्पना तर अफलातून. फक्त एक गोष्ट. राणी 'काय बे' म्हणते."

"रागावली की म्हणते."

"राणी आहे हो ती."

"म्हणून तर. तिला अडवणार कोण?"

ते हसले. माणूस वाईट नव्हता, हे सांगायला हवं. पुस्तक त्यांनी मनापासून वाचलं होतं, कोणत्या विहिरीला कोणता शब्द ते त्यांना पाठ होतं. "असं करूया," म्हणाले. "म्हातारे, पोरं, गमतीची पात्रं यांना तुमची बोली राहू द्या, त्यानं गोडवा येतो. राणी, तिचे सल्लागार, लढाईचे प्रसंग एवढं प्रमाण मराठीत करा. वाचकाला त्यांचा आदर वाटायला हवा ना. शिवाय नागपूरच्या, नाशिकच्या वाचकाला कळायलाही हवं."

"ते लोक आमच्याकडचे आहेत हो."

"असू द्या की. मूळ दक्षिणेतलंच ठेवा, माझी हरकत नाही. पण उत्तरेत जाऊन तीनशे वर्षं झाली त्यांना. तेवढ्यात त्यांची भाषा सुधारली असेल."

मी म्हणाले, "विचार करून कळवते."

शाळेत तीस वर्षं मुख्याध्यापकांसमोर उभी राहिलेली बाई आहे मी. विचार करून कळवते असं म्हणणारी बाई अर्धी वाकलेली असते, हे मला चांगलं माहीत आहे. मी अर्धी वाकले होते. पुस्तक यावं असं मला वाटत होतं. कपाटावर ठेवलेलं, कडक पुठ्ठ्याचं, वर माझं नाव. मुलगाही म्हणाला, "आई, छापून तर येऊ दे. पुढच्या पुस्तकात तुला हवं ते कर."

"पुढच्या? मी त्र्याहत्तर वर्षांची आहे रे."

"तेच म्हणतोय मी," तो म्हणाला, आणि मग त्याचं त्यालाच कळलं की काय बोललो.

मी बसले आणि राणीची भाषा सुधारायला घेतली. एका दुपारी अकरा पानं झाली. इतकं सोपं गेलं की भीतीच वाटावी. बाविसाव्या वर्षाची ती मास्तरीण आतच बसलेली होती, पेनात शाई भरून. संध्याकाळी ती पानं मी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली. किती सुरेख बोलत होती माझी माणसं. कोणालाही घाम येत नव्हता, कोणाची टाच दुखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गठ्ठे पिशवीत घातले, एक जसा लिहिला तसा आणि एक सुधारलेला, आणि एसटीनं अक्काकडे गेले. का गेले ते विचाराल तर भांडायला माणूस हवं होतं. अक्का एक्क्याऐंशीची आहे. गावातच दिलेली, त्यामुळे अव्वाजवळच राहिली. तिला वाचता येत नाही, आता दिसतही कमी. ऐकू मात्र सगळं येतं, न सांगितलेलंही.

आधी मी तिला सुधारलेली पानं वाचून दाखवली. दीड पान झाल्यावर तिनं हात वर केला.

"ही कोन म्हनायची?"

"राणी. उत्तरेच्या लोकांची."

"बरी हाय नव्हं ती? आजारी असल्यागत बोलायली."

मी तो गठ्ठा बाजूला ठेवला आणि दुसरा काढला. राणी पहिलं वाक्य बोलली आणि अक्का भिंतीला टेकली होती ती पुढे सरकून बसली. मग मला वाचू देईना. शेळीला बोलवायची हाक तू मेंढराला लावलीयस, म्हणाली. पहिलटकरीण असली तर तिला कोणी एकटीला पाण्याला धाडत नाही, म्हणाली. सल्लागार म्हातारा फार गोड बोलतो, त्याचं पुढे काहीतरी काळंबेरं निघणार, म्हणाली, आणि ते निघणार होतंच. राजाला 'आता सरक की' म्हटलेलं ऐकून तिनं मांडीवर थाप मारली. "हौदु," म्हणाली, आमच्या कानडीतलं 'व्हय'. "असंच सांगाय पायजे त्याला. अव्वा असती तर हेच बोलली असती."

"अव्वाला कळलं असतं का गं हे?"

अक्कानं हसत हसतच सांगितलं. "तू तिला ती पयली गोष्ट वाचून दावलीस नव्हं? तितनं आली आन् मला म्हनाली, तू बी नीट बोलाय शिक गं, न्हायतर धाकटी तुला बी चोरांत घालंल. मग काय, रानात जाताना बैलांसंगं बोलून बघायची. हो, नाही. हो, नाही. बैल आपलं बघत ऱ्हायचं तिच्याकडं."

अक्काला ते अजून गमतीचं वाटत होतं. बैलांचं तोंड करून दाखवलं तिनं. मला पुढचं पान दिसेना. पन्नास वर्षं मी समजत होते की आईला सोलापूरचं वारं लागलं. ती बाई हाकायची पराणी हातात घेऊन बैलांपुढे धडा गिरवत होती, का, तर तिच्या मुलीच्या गोष्टीत तिला चोर व्हायचं नव्हतं.

"सुम्म कुंद्र," अक्का म्हणाली. गप्प बस. "रडायचं घरी जाऊन रड. आता वाच."

तिसऱ्या दिवशी आम्ही बाळंतपणापर्यंत आलो. राणी कळपाच्या पुढे चालतेय, खिंड अजून दूर आहे आणि पीठ पडतंय. तिला कळा सुरू होतात. आडोसा नाही, झाड नाही, दगडही नाही. बायका आपल्या हाका घालतात आणि अख्खा कळप तिच्याभोवती बसवतात, एकाला एक चिकटून, वारा अडेल असा. आत राणी, एक सुईण आणि एक घोंगडं. बाळाचं डोकं दिसायला लागलंय आणि ते थांबलंय, पुढे येत नाही. एवढं वाचलं आणि माझा फोन वाजला.

पुण्याहून. अक्काच्या घरात रेंज फक्त दाराच्या चौकटीत येते आणि माझा डावा कान आता कामाचा नाही, तेव्हा मी चौकटीत उभी राहून फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, काय ठरलं मग? आम्हाला या महिन्यात पुस्तकांची यादी पक्की करायची आहे. राणीचं केलंत का?"

"केलं होतं अकरा पानं," मी म्हणाले. "फाडणार आहे."

"मॅडम, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. हे असं राहिलं तर वाचक त्यांच्याकडे विनोदी लोक म्हणून बघेल."

आणि तेव्हा माझ्या तोंडून ते निघालं. पन्नास वर्षांत शिकल्यासवरल्या माणसासमोर मी तशी बोलले नव्हते. ठरवून बोलले असंही नाही.

"बघू द्या की," मी म्हणाले. "हसतील ते हसतील. माजी रानी अशीच बोलनार. तिची आई अशी बोलायची, तिच्या आईची आई अशी बोलायची. तीनशे वरसं बर्फात काढली तिनं, चिंचोका टाकला न्हाय आन् बोली बी टाकली न्हाय. ती सुधारली न्हाय साहेब, आन् सुधारनार बी न्हाय. चोरांची भाषा पायजे आसंल तर ती देते तुमाला, माज्या पयल्या गोष्टीतली रानी बोलती ती. चोरांना चांगली शोभंल."

ते सावकाश म्हणाले, "मग आम्हाला नाही जमणार, मॅडम. मनापासून वाईट वाटतं."

"मला बी वाटतंय," मी म्हणाले. "न्हाय तर न्हाय."

फोन ठेवला. खरंच वाईट वाटत होतं, त्यात खोटं काय सांगायचं. कडक पुठ्ठ्याचं पुस्तक गेलं आणि दुसरं दार कुठलं, ते मला तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. मी चौकटीतच उभी राहिले, बाहेर उन्हात बघत. मागून अक्काचा आवाज आला.

"ठेवलास व्हय फोन? मग ये की हिकडं. त्या बाईला तसंच आडलेलं ठिवून काय उभी ऱ्हायलीयस, वाच फुडं."